रॅमची कमाल मर्यादा : पुस्तकातला आकडा आणि यंत्राची खरी ताकद

संगणकासोबत कंपनीचे एक छोटे पुस्तक येते. त्यात एक ओळ असते की, या यंत्रात जास्तीत जास्त अमुक इतकी मेमरी, म्हणजे रॅम, चालते. कोठे ८ जीबी, कोठे १६, कोठे २४ किंवा ३२. यंत्र घेताना या ओळीकडे कोणी पाहत नाही. चार-पाच वर्षांनी काम वाढते, फायली मोठ्या होतात, यंत्र अडखळू लागते आणि मग तीच ओळ आडवी येते. एक दुकानदार सांगतो, "यात आता वाढणार नाही, नवे यंत्र घ्या." दुसरा सांगतो, "कंपनीचे काय ऐकता, मी टाकून देतो." यांपैकी खरे कोण बोलते, हे ज्याचे पैसे जाणार आहेत त्याला ठाऊक नसते.

आमच्या वाचकांत फ्लेक्सचे, लग्नपत्रिकांचे, उर्दू-मराठी डीटीपीचे, फोटो स्टुडिओचे आणि लेझर कटिंगचे काम करणारे बांधव पुष्कळ आहेत. लग्नसराईत, निवडणुकीत किंवा रमजानची वेळापत्रके छापण्याच्या दिवसांत यंत्र अडून बसले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जाते. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नसून धंद्याचा आहे. पुस्तकातला आकडा कोणत्या कारणाने आला, तो कोठे ओलांडता येतो, कोठे येत नाही आणि ओलांडण्यापूर्वी काय तपासावे, याचा आम्ही येथे क्रमाने विचार करणार आहोत.

आधी गरज मोजा

रॅम वाढवण्यापूर्वी आपले काम खरोखर रॅमसाठी अडते आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा, जठारपेठेतील एका दुकानात १० फूट बाय २० फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. इंचाला ७२ बिंदू धरले तर एका बाजूने ८,६४० आणि दुसऱ्या बाजूने १७,२८० बिंदू होतात. गुणाकार केला की सुमारे १४ कोटी ९३ लाख बिंदू. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. म्हणजे एका थराला सुमारे ६०० एमबी. असे पूर्ण आकाराचे पाच थर असतील तर ३ जीबी झाले. त्यात केलेले बदल मागे घेण्यासाठी प्रोग्रॅम जी जागा राखून ठेवतो, ती वेगळी.

हाच फ्लेक्स कोणी इंचाला १५० बिंदूंनी उघडला तर एका थराला २.६ जीबी लागतात आणि ३०० बिंदूंनी उघडला तर १० जीबीच्या वर. बिंदू दुप्पट केले की मेमरी चौपट लागते. रस्त्यावरून वीस-पंचवीस फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला ३०० बिंदूंची काही गरज नसते. तेव्हा कित्येक दुकानांत रॅम वाढवण्याऐवजी काम उघडण्याची सवय बदलली तरी भागते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

उलट ८ बाय १० इंचाची लग्नपत्रिका ३०० बिंदूंनी केली तरी एका थराला सुमारे २९ एमबीच लागतात. केवळ पत्रिका आणि मजकुराची जुळणी करणाऱ्याचे यंत्र मंद असेल तर दोष बहुधा रॅमचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे आधी एसएसडी बसवावी. फरक त्याच दिवशी दिसेल.

खात्री करण्याची रीत अशी. दिवसातले सर्वांत जड काम उघडावे, नेहमीचे बाकीचे प्रोग्रॅमही चालू ठेवावेत. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरीचे पान पाहावे. तेथे 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे असतात. यंत्रात १६ जीबी आहे आणि पहिला आकडा १० दाखवतो, तर रॅम पुरेशी आहे. तोच आकडा २२ दाखवत असेल आणि डिस्कचा दिवा विझत नसेल, तर यंत्र रॅमचे काम डिस्कवर ढकलत आहे. अशा वेळी रॅम वाढवण्याचा खर्च सार्थकी लागतो.

पुस्तकातला आकडा येतो कोठून

'कमाल मेमरी' हा शब्द एकच असला तरी त्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली भिंत, दुसरी कुलूप, तिसरी नुसती कागदावरची ओळ. तिन्ही पुस्तकात सारख्याच अक्षरांत छापलेल्या असतात. आपल्या यंत्रापुढे यांपैकी काय आहे हे ओळखणे, हेच या सगळ्या कामाचे मर्म आहे.

भिंत. खातेवहीत पानक्रमांकासाठी दोनच रकाने ठेवले तर ९९ च्या पुढचे पान लिहिता येत नाही. वही कितीही जाड असो, शंभरावे पान असून नसल्यासारखे. संगणकही मेमरीच्या प्रत्येक बाइटला क्रमांक देतो. ३२ रकाने असतील तर ४२९ कोटी ४९ लाखांवर क्रमांक होतात, म्हणजेच ४ जीबी. विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ ची ३२ बिटांची प्रत म्हणूनच ४ जीबीच्या पुढे जात नाही. त्या ४ जीबीतलेही काही क्रमांक ग्राफिक कार्ड वगैरेंसाठी राखीव असल्याने प्रत्यक्ष कामाला सव्वातीन जीबीच्या आसपास मिळतात. जुन्या फॉन्टसाठी किंवा जुन्या कटिंग मशीनसाठी ज्यांनी असे ३२ बिटांचे यंत्र राखून ठेवले आहे, त्यांनी त्यात ८ जीबी घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

विंडोजची आणखी एक बाजू आहे. ६४ बिटांच्या विंडोज ७ मध्ये होम बेसिक ८ जीबीपर्यंत, होम प्रीमियम १६ जीबीपर्यंत आणि प्रोफेशनल १९२ जीबीपर्यंत मेमरी वापरते. विंडोज १० आणि ११ च्या होम आवृत्तीला १२८ जीबीची मर्यादा आहे. मदरबोर्ड कितीही मेमरी घेवो, विंडोज तिच्या हद्दीबाहेर जात नाही. तेव्हा आधी आपल्या यंत्रावर विंडोजची कोणती प्रत आहे, ते पाहावे.

कुलूप. येथे यंत्राची तारजोडणी जास्त मेमरी घेऊ शकते, परंतु यंत्र चालू होताना जो मूळ प्रोग्रॅम मेमरी ओळखतो, म्हणजे बायॉस, त्याला नव्या प्रकारच्या चिपची ओळख नसते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या (२०१३) साध्या डेस्कटॉप प्रोसेसरांना ३२ जीबीची मर्यादा होती. चार स्लॉट आणि प्रत्येकी ८ जीबी असा तो हिशेब. पुढे २०१४ मध्ये डीडीआर-३ च्या १६ जीबीच्या स्टिक बाजारात आल्या. त्या स्लॉटमध्ये नीट बसत, पण चौथ्या पिढीच्या यंत्रांवर चालत नसत. मेमरी ओळखण्याचा जो भाग इंटेलकडून येतो त्यात ८ गिगाबिटांच्या चिपची सोयच नव्हती. पाचव्या पिढीपासून ती आली. कुलपाची किल्ली कंपनीकडे होती आणि जुन्या यंत्रांसाठी ती मिळाली नाही.

याच्या उलटही घडले आहे. बाराव्या आणि तेराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांची मर्यादा बाजारात आली तेव्हा १२८ जीबी होती. २०२३ मध्ये डीडीआर-५ च्या ४८ जीबीच्या स्टिक आल्या, मदरबोर्ड कंपन्यांनी नवे बायॉस दिले आणि त्याच बोर्डांवर चार स्टिक मिळून १९२ जीबी चालू लागले. यंत्र तेच, स्लॉट तेच, फक्त किल्ली मिळाली.

कागदावरची ओळ. कंपनी यंत्र बाजारात आणते त्या दिवशी सर्वांत मोठी जी स्टिक मिळते, तिच्यावर चाचणी करून आकडा छापते. पुढे मोठी स्टिक निघाली तरी जुने पुस्तक कोणी बदलत नाही. ॲपलच्या २०११ च्या मॅक मिनीवर ८ जीबी लिहिलेले होते, पण त्यात १६ जीबी बिनतक्रार चालते. २०१५ च्या अखेरीस आलेल्या २७ इंची आयमॅकवर ३२ जीबी लिहिलेले आहे, तेथे ६४ चालते. २०२३ पासून लहान डब्यासारख्या स्वस्त संगणकांत येणारा इंटेलचा एन-१०० प्रोसेसर कागदावर १६ जीबीचा आहे. त्यात ३२ जीबीची एक स्टिक घालून वापरणारे जगभर पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी मर्यादा ओलांडण्यात यंत्रावर काही जबरदस्ती होत नाही. मात्र कंपनीने हमी दिलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. अडचण आली तर ती सोडवण्याची जबाबदारी आपली.

जुन्या वर्कस्टेशनचे उदाहरण

मोठ्या कंपन्या आणि कार्यालये आपली जुनी वर्कस्टेशन यंत्रे काढून टाकतात तेव्हा ती मुंबई-नागपूरमार्गे आपल्या भागातही येतात. पोलादी पेटी, भक्कम पॉवर सप्लाय आणि सहा-आठ स्लॉट, यामुळे डिझाइनचे काम करणाऱ्यांना ती परवडतात. २००९ मध्ये आलेले डेल प्रिसिजन टी-३५०० हे यांतलेच एक. त्यात सहा स्लॉट आहेत आणि पुस्तकात कमाल मेमरी २४ जीबी, म्हणजे सहा स्लॉटना प्रत्येकी ४ जीबी, अशी आहे.

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. इंटेलने २००८ पासून मेमरी सांभाळणारा भाग मदरबोर्डावरून काढून प्रोसेसरमध्ये नेला. तेव्हापासून मर्यादा मुख्यतः प्रोसेसर ठरवतो. टी-३५०० सोबत येणाऱ्या झिऑन डब्ल्यू-३५२० ला इंटेलने २४ जीबीची मर्यादा दिली आहे. त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या झिऑन एक्स-५६५० ला मात्र २८८ जीबीची. कारण दुसरा प्रोसेसर सर्व्हरसाठी बनलेला असून तो 'रजिस्टर्ड' जातीची मेमरी चालवू शकतो. म्हणून पुष्कळांनी टी-३५०० मध्ये एक्स-५६०० मालिकेतला प्रोसेसर आणि ८ जीबीच्या सहा रजिस्टर्ड स्टिक घालून ४८ जीबी चालवलेले आहे. सर्व्हरमधून निघालेल्या अशा स्टिक साध्या स्टिकपेक्षा सहसा स्वस्त मिळतात.

परंतु यात अटी आहेत. बायॉस नवे असावे लागते आणि सुरुवातीचे काही बोर्ड हा प्रोसेसर घेतच नाहीत. रजिस्टर्ड आणि साधी स्टिक एकत्र चालत नाही, त्यामुळे जुन्या सगळ्या काढाव्या लागतात. स्टिक शक्यतो तीन-तीनच्या जोडीने घालाव्यात. शिवाय या यंत्रावर विंडोज ११ ला अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ डिझाइन आणि प्रिंटसाठी वापरायचे असेल तरच त्यावर खर्च करावा. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे काम वेगळ्या यंत्रावर करावे.

स्टिकवरची अक्षरे वाचा

बाजारात सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. स्टिकवर एक चिठ्ठी असते. तिच्यावर 'पीसी-३ १०६००' असा आकडा आणि त्याच्यामागे एक इंग्रजी अक्षर असते. 'यू' असेल तर ती साधी डेस्कटॉपची स्टिक. 'ई' असेल तर चूक शोधणारी, म्हणजे ईसीसी. 'आर' असेल तर रजिस्टर्ड, सर्व्हरची. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ मध्ये या तिन्ही जातींची खाच एकाच जागी असते, त्यामुळे सर्व्हरची स्टिक घरगुती मदरबोर्डातही सहज बसते. पण यंत्र चालू होत नाही. "बसते आहे ना, मग चालेल" हे बोलणे म्हणूनच धोक्याचे आहे.

चिपांची संख्याही मोजावी. इंटेलच्या जी-४१ चिपसेटचे जुने बोर्ड आपल्याकडे फार खपले. डीडीआर-३ च्या दोन स्लॉटांत त्यांची मर्यादा ८ जीबी आहे. पण ४ जीबीची जी स्टिक घ्यायची, तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिपा असाव्या लागतात. आठच चिपांची नवी ४ जीबी स्टिक हे बोर्ड नीट ओळखत नाहीत. म्हणजे येथे मर्यादेच्या आत राहूनही माल चुकीचा ठरतो. तसेच काही स्वस्त डीडीआर-३ स्टिक केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात. विकणारा ही गोष्ट कित्येकदा बारीक अक्षरांत लिहितो किंवा सांगतच नाही. जो माल फक्त एका जातीच्या यंत्रावर चालतो, तो तसे सांगूनच विकला पाहिजे. आमचे जे बांधव स्वतः संगणकाचे सुटे भाग विकतात, त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. ऐब लपवून केलेल्या सौद्यात आजचा नफा दिसतो, पण गिऱ्हाईक कायमचे जाते.

बसली, ओळखली, तरी वेग वाढेल असे नाही

यासाठी एक जुने उदाहरण उपयोगी आहे. १९९७ साली इंटेलचा ४३०-टीएक्स हा चिपसेट आला. पेंटियमच्या पुष्कळ बोर्डांवर तो असे. तो २५६ एमबीपर्यंत रॅम घेत असे, परंतु त्याची जलद राखीव मेमरी, म्हणजे कॅश, पहिल्या ६४ एमबीपुरतीच काम करी. ६४ च्या वर रॅम घातली की वरच्या भागाला कॅशचा आधार नसे. विंडोज ९५ तर आपले काम वरच्या टोकाकडून सुरू करीत असे. परिणामी पैसे खर्च करून रॅम वाढवल्यावर तेच यंत्र पूर्वीपेक्षा मंद होत असे. पुस्तकातला आकडा खोटा नव्हता, पण अर्धाच खरा होता.

आजही याचा धाकटा भाऊ भेटतो. सगळे स्लॉट मोठ्या स्टिकांनी भरले की मेमरीचा वेग पुष्कळ बोर्डांवर आपोआप खाली येतो, कारण प्रोसेसरवर जास्त चिपांचा भार पडतो. डीडीआर-५ मध्ये चार स्टिक घातल्यावर हे विशेष जाणवते. ज्याची फाईल मोठी आहे त्याला हा तोटा परवडतो, कारण डिस्कवर जाण्यापेक्षा मंद रॅमही कित्येक पट जलद असते. ज्याची फाईल लहान आहे त्याचे नुकसानच होते. शक्य तेथे चार लहान स्टिकांऐवजी दोन मोठ्या घ्याव्यात.

वऱ्हाडचा उन्हाळा, धूळ आणि वीज

परदेशात चालले म्हणून अकोल्यात चालेलच असे समजू नये. मेमरीच्या चिपमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात असते आणि हे भार गळत असतात. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत ते पुन्हा भरावे लागतात. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले की गळती वाढते आणि हे काम दुप्पट वेळा, दर ३२ मिलिसेकंदांनी, करावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली, बंद पेटीत, एकमेकींना चिकटून बसलेल्या सहा स्टिकांची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी. मर्यादेबाहेर जाणाऱ्याने पेटीत हवा खेळती ठेवणारा आणखी एक पंखा बसवावाच.

दुसरी गोष्ट धुळीची. कापसाच्या मोसमात बारीक तंतू पंख्यावर आणि स्लॉटमध्ये बसतात. नवी स्टिक घालण्यापूर्वी ब्लोअरने पेटी साफ करावी. जुन्या स्टिकचे सोनेरी टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसावे. यंत्र कितीदा तरी एवढ्यानेच सुरू होते आणि रॅम खराब समजून फेकण्याची वेळ टळते.

तिसरी गोष्ट विजेची. कुलूप उघडण्यासाठी बायॉस बदलायचे असेल तर ते काम यूपीएसवरच करावे आणि यूपीएसची बॅटरी चांगली असल्याची आधी खात्री करावी. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. स्टिक काढताना-घालताना वायर काढून घ्यावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, पेटीच्या धातूला हात लावावा आणि स्टिक कडेनेच धरावी. आपल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिप जाळू शकते.

नवी स्टिक घातल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच घाबरू नये. डीडीआर-५ ची यंत्रे पहिल्यांदा मेमरी ओळखायला काही मिनिटे घेतात. बराच वेळ काही झाले नाही तर यंत्र बंद करून एकच स्टिक ठेवून पाहावे. तरीही नाही तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून पुन्हा बसवावी.

एक रात्र चाचणीसाठी द्या

विंडोज सुरू झाले आणि पूर्ण मेमरी दिसली म्हणजे काम झाले, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. अर्धवट चालणारी मेमरी यंत्र बंद पाडत नाही. ती गुपचूप एखादा आकडा बदलते. तो बदललेला आकडा फाईलमध्ये साठवला जातो, मग बॅकअपमध्येही जातो. फ्लेक्सवर एखादा रंगाचा पट्टा उमटला तर डोळ्यांना दिसतो. पण हिशेबाच्या फायलीत किंवा गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोंत बिघाड शिरला तर महिन्यांनंतर कळतो, तेव्हा मूळ प्रत उरलेली नसते.

म्हणून मेमटेस्ट-८६-प्लस हा विनामूल्य प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू करावे आणि रात्रभर चालू द्यावे. मेमरीवरून त्याच्या किमान चार पूर्ण फेऱ्या व्हाव्यात. चूक शून्यच असली पाहिजे. एक चूकही चालणार नाही. उन्हाळ्यात हीच चाचणी एकदा भर दुपारी करावी, कारण रात्री उत्तीर्ण झालेली स्टिक दुपारी नापास होऊ शकते. चाचणी संपेपर्यंत चालू कामाच्या सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. ज्यांचे यंत्र ईसीसी मेमरी घेते त्यांनी तीच घ्यावी. ती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन बिटांची झाल्यास तसे कळवते.

सौदा कसा करावा

२०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले. एआयसाठी उभी राहणारी डेटा सेंटर मेमरीच्या चिपांचा मोठा हिस्सा घेऊ लागली, हे त्याचे मुख्य कारण. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले की, 'क्रुशियल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना मेमरी विकण्याचा आपला व्यवसाय ती बंद करणार आहे. अशा काळात जुन्या स्टिकांना मागणी येते आणि त्यांच्याबरोबर नकली चिठ्ठी लावलेला मालही येतो.

जठारपेठेतून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचे तर एक रात्र गाडीत आणि एक दिवस बाजारात जातो. तेथून आणलेली स्टिक चालली नाही तर परत करायला पुन्हा तेवढाच खर्च. त्यामुळे मर्यादेबाहेरची मेमरी घेताना दोन पैसे जास्त पडले तरी ती गावातल्या किंवा अमरावती-नागपूरच्या ओळखीच्या दुकानातून घेणे शहाणपणाचे. बिलावर यंत्राचे मॉडेल आणि "या यंत्रावर न चालल्यास इतक्या दिवसांत परत" असे लिहून घ्यावे. तोंडी भरवसा उपयोगाचा नाही. बिल पक्के घ्यावे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि जे नेहमीच्या पद्धतीने कर भरतात, त्यांना मेमरीवरचा १८ टक्के कर हिशेबात वळता करून मिळतो. यंत्र अजून वॉरंटीत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय पेटी उघडू नये.

आणि एक शेवटचा हिशेब. रॅम, लागल्यास प्रोसेसर, पंखा आणि मजुरी मिळून होणारा खर्च, जास्त मेमरी अधिकृतपणे घेणाऱ्या वापरलेल्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर आमच्या मते मर्यादा ओलांडण्याच्या फंदात पडू नये. जुने यंत्र विकून दुसरे घ्यावे. खर्च निम्म्याच्या आत असेल, आडवी येणारी गोष्ट कागदावरची ओळ किंवा उघडलेले कुलूप असेल आणि स्टिकने रात्रभराची चाचणी पार केली असेल, तर पुस्तकातल्या आकड्याला भिण्याचे कारण नाही. मात्र हे काम लग्नसराईच्या तोंडावर काढू नये. पावसाळ्यात धंदा सुस्त असतो, तेव्हा चार दिवस हाताशी ठेवून करावे. काही बिघडलेच तर दुरुस्त करायला वेळ मिळतो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळला जातो.